फरशीखालचं पाणी

आबा,

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं मला एकच वाक्य ऐकवलं. "शेवटपर्यंत डोकं कसं शाबूत होतं हो तुमच्या सासऱ्यांचं!" औंधाकडून आलेली भावकी म्हणाली, गल्लीतल्या बायका म्हणाल्या, कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा म्हणाला. मी दर वेळी "हो ना" म्हटलं आणि चहाचे कप उचलायच्या निमित्तानं आत गेले. त्या वाक्यानं मला काय होत होतं, ते तिथं बसलेल्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तुमच्या त्याच डोक्याबद्दल मी मिरजेच्या एका डॉक्टरांपुढं बसून खोटं बोलले होते.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. पाहुणे पांगले. मांडववाल्याच्या खुर्च्या परत गेल्या. संजय परवापासून इस्लामपूरला कामावर जायला लागले. मला शाळेतून अजून दोन दिवस रजा आहे, त्यामुळे घरात मी एकटीच. काल एक गोष्ट कळली आणि आज लिहायला बसले. ती पुढं येईलच. टाइप करणार होते, पण तुम्हाला माझं अक्षर आवडायचं. "शाळंतल्या कारकुनीणीचं अक्षर हाय, कोरल्यावाणी," म्हणायचात. म्हणून हातानं लिहिते आहे.

आई गेल्या आणि तुम्ही गावचं घर बंद करून आमच्याकडं सांगलीला आलात, तेव्हा तुमच्या सामानात एक ट्रंक, एक घोंगडं आणि पितळेची एक कळशी होती. कळशी कशाला, असं मी विचारलं तर म्हणालात, "पाण्याची हाय. आनि कशाला?" तुमच्या बाजूला पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर आला. इथं आमच्या सांगलीत कृष्णा उशाला, आणि पावसाळ्यात ती घरात शिरते की काय याची धास्ती. मी नळाखाली तांदूळ धुताना पाणी वाहतं ठेवलं की तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसते उभे राहायचात. बोलायचा नाहीत. मला त्याचाच राग यायचा. वाटायचं, हवालदार तपासणीला आलेत.

फौजेत तुमचं काम पाण्याच्या लायनींचं होतं. छावण्यांमध्ये पाइप टाकायचे, पंप चालवायचे, गळती शोधायची. हे आम्हाला माहीत होतं, पण जसं घरातल्या माणसाबद्दल माहीत असतं तसं. तोफांच्या जवळ नोकरी झाली म्हणून डावा कान गेलेला, हेही माहीत होतं. म्हणूनच त्या जानेवारीत तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "वैशाली, माझ्या खोलीत फरशीखाली पाणी वाहतंया," तेव्हा मी हसले.

"आबा, सकाळची वेळ आहे. नळाला पाणी आलंय. सगळ्या घरातच पाणी वाहतंय."

"त्ये न्हाई. ह्ये येगळं हाय."

आपल्याकडं पाणी सकाळी सव्वासहाला येतं आणि आठच्या आसपास जातं. त्या पावणेदोन तासांत आमच्या घरात किती आवाज असायचे! हौदात पडणारी धार, वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर, मिक्सर, माझा कुकर. त्यात तुमचं 'येगळं' पाणी कुणाला ऐकू येणार? तुम्ही रोज सांगत राहिलात. एका रविवारी संध्याकाळी संजयनी खरंच तुमच्या खोलीत लोळण घेतली, गालफड फरशीला लावलं, पाच मिनिटं तसेच पडून राहिले. काही नाही. तुम्ही म्हणालात, "आरं, सकाळी आयक. आत्ता पाणी कुठाय लायनीत?" पण तोवर ते उठून कपडे झटकत होते. सकाळी त्यांची सहाची गाडी. सकाळी ऐकायला त्यांना कधी सवड झालीच नाही. आणि मला, आबा, सवड होती. पाच मिनिटं कुणालाही असतात.

त्याच सुमाराला हौद निम्माच भरायला लागला आणि पाणीपट्टीचं बिल मात्र वाढून आलं. मी त्याचा माझ्यापुरता अर्थ लावला. शोभा धुणंभांडी करताना नळ उघडा टाकून गप्पा मारत बसते. तिला मी एकदा बजावलं, दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा फाटकात, शेजारच्या दोघी-तिघी उभ्या असताना, मोठ्यानं बोलले. "तुझ्या घरचं पाणी असतं तर असं सोडलं असतंस का?" ती सात वर्षं आपल्याकडं होती. तिनं हातातला पदर खोचला आणि म्हणाली, "वैनी, आमच्या चाळीत पाच घरांत एक नळ हाय. मी नळ उघडा टाकनारी बाई न्हाई." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही, आणि मीही तिला बोलावलं नाही.

तुम्ही त्या दिवशी जेवताना म्हणालात, "त्या पोरीनं न्हाई केलेलं." मी ताटात भाकरी टाकत म्हटलं, "आबा, तुम्ही यात पडू नका." तुम्ही भाकरी अर्धी ठेवलीत. तुम्ही ताटात कधी काही टाकत नव्हता, म्हणून ती अर्धी भाकर मला आठवते.

आता डॉक्टरांचं.

माझ्या वडिलांचं शेवटी काय झालं, हे तुम्हाला ऐकून माहीत होतं. त्यांनाही सुरुवातीला असंच होतं. माडीवर कुणी चालतंय म्हणायचे. आमच्या घराला माडीच नव्हती. आम्ही हसण्यावारी नेलं. मग एक दिवस ते दूध आणायला गेले ते दोन दिवसांनी कराडच्या एसटी स्टँडवर सापडले, पायात चप्पल नाही, स्वतःचं नाव सांगता येत नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, फार उशिरा आणलंत. ते वाक्य माझ्या अंगात बसलेलं. तुमचं फरशीखालचं पाणी ऐकलं की मला माडीवरची पावलं आठवायची.

म्हणून मी तुम्हाला मिरजेला नेलं. संजयना सुट्टी मिळाली नाही, आपण दोघंच गेलो. डॉक्टरांनी आधी मला एकटीला आत बोलावलं. मी सांगायला लागले आणि मला दिसलं, की ते लिहितच नाहीयेत. वय झालं की भास होतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर. मी घाबरले. हेही हसण्यावारी नेणार, असं वाटलं. आणि मी बोलून गेले. म्हटलं, हे गॅस चालू ठेवून विसरतात. म्हटलं, एकदा घरचा रस्ता चुकले. म्हटलं, पाणी शिरलं, पाणी शिरलं, असं ओरडत उठतात. यातलं काहीच झालं नव्हतं. डॉक्टर लिहायला लागले. मला बरं वाटलं, आबा. खोटं बोलताना बरं वाटलं, हे मला अजून लिहवत नाही.

मग त्यांनी तुम्हाला आत घेतलं आणि मला बाहेर बसवलं. दहा-बारा मिनिटांनी तुम्ही काठी टेकत बाहेर आलात. झोपेची एक लहान गोळी लिहून दिलेली, महिन्यानं परत यायला सांगितलेलं. मी तुमच्याकडं चोरून बघत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "डाक्टर चांगला हाय. सावकाश बोलतो." बसमध्ये खिडकीशी बसून तुम्ही सांगलीपर्यंत उसाच्या ट्रॉल्या बघत राहिलात.

गोळी लागू पडली. तुम्ही सकाळी नऊ-नऊपर्यंत झोपायला लागलात. फरशीखालचं पाणी बंद झालं. मी संजयना म्हटलं, बघा, वेळेवर नेलं म्हणून. महिनाभर मी निर्धास्त होते. तुम्ही दिवसभर सुस्त खुर्चीत बसलेले असायचात, पेपर मांडीवर तसाच. संध्याकाळी तेवढे काठी घेऊन फिरून यायचात. म्हातारपण असं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. पाणी आठला जातं आणि तुम्ही नऊला उठता, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मी शाळेत सहाशे मुलांची हजेरी जुळवते आणि हे मला जुळवता आलं नाही.

मग तो शुक्रवार. मी डबे भरत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे, अंघोळ झालेली, डोक्याला टोपी. सातसुद्धा वाजले नव्हते.

"आबा, आज लवकर?"

"गोळी थांबवली म्या. आज पाचवा दीस हाय."

मी डबा खाली ठेवला. तुम्ही त्या खिशातून काढून दाखवल्यात, कागदात पुडी बांधलेल्या पाच गोळ्या. लपवलेलं दाखवायला तुम्ही घाबरला नाहीत, आणि मी मात्र मिरजेचं लपवून हिंडत होते.

"वैशाली, मला पाच मिंटं दे. घड्याळ लावून पाच. मी खोटा निघालो, तर पुन्यांदा गोळी घेतो, तू म्हनशील त्या दवाखान्यात येतो. न्हाईतर गावाकडं जाऊन एकटा ऱ्हातो. पर आज माझं आयक."

गावाकडं एकटा राहतो म्हणालात, त्यानं मी हलले. गॅसकडं बघत म्हटलं, "बरं. काय करू?"

"पयल्यांदा हौदाचा कॉक बंद कर. मग ह्यो पिण्याच्या पाण्याचा नळ."

रस्त्यावरून येणारं पाणी आपल्या घरात दोनच ठिकाणी जातं. एक फाटा हौदात आणि दुसरा फरशीखालून थेट स्वयंपाकघरातल्या नळाला. घर बांधताना मीच हट्ट केला होता, पिण्याला ताजं पाणी हवं म्हणून. हे तुम्हाला सगळं पाठ होतं. मला माझ्याच घरातलं आठवत नव्हतं. मी हौदाचा कॉक आवळला, नळ बंद केला.

"बाथरूमातलं पन बंद कर. ते वरच्या टाकीवर हायेत, हितं त्येंचा संबंध न्हाई. पर तुझ्या मनात शंका नगो."

मी सगळे नळ बंद केले. घर एकदम गप्प झालं. तुम्ही मला फाटकाजवळ नेलंत. मीटरच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण मी इतक्या वर्षांत एकदाही उचललं नव्हतं. ते बिलवाल्या माणसाचं काम. तुम्ही काठीचं टोक अडकवून ते बाजूला केलंत, गुडघे धरत उकिडवे बसलात आणि सदऱ्याच्या टोकानं मीटरची काच पुसलीत.

"आकडं सोड. त्येंच्या खाली बघ. बारकी लाल चांदनी दिसती का?"

दिसली. ज्वारीच्या दाण्याएवढी. गरगर फिरत होती.

"पानी मीटरातनं गेलं की ती फिरती. एक थेंब गेला तरी हलती. आता सांग, घरात कुठला नळ चालू हाय?"

"राहिला असेल एखादा," मी म्हटलं.

"जा. बघून ये."

मी बघून आले. सगळे बंद. परत आले तर ती फिरतच होती. पुन्हा आत गेले, हौदाचं झाकण उघडून आत वाकून बघितलं. थेंब पडत नव्हता. तिसऱ्यांदा स्वयंपाकघरातला नळ हातानं आवळून आले. तुम्ही तिथंच उकिडवे बसला होता. चांदणी फिरत होती.

मग तुम्ही मला तुमच्या खोलीत नेलंत. कॉटच्या पायथ्याशी काठीचं टोक फरशीवर टेकवलंत आणि मूठ माझ्या हातात दिलीत. "कान लाव मुठीला. दुसऱ्यावर हात धर." मी वाकले. आधी माझ्याच छातीचे ठोके ऐकू आले. मग ते ऐकू आलं. बारीक, न थांबणारं, दूर कुठं कुणी सूप पाखडत असल्यासारखं.

तुम्ही बाहेर गेलात आणि मीटरपुढचा मुख्य कॉक बंद केलात. काठीतला आवाज तुटला. पुन्हा उघडलात, पुन्हा आला. मी काठी धरून तशीच उभी. तुम्ही दारात आलात तेव्हा मी रडत होते.

"रडतीयास कशाला? जा, कुकर लाव. शाळंला उशीर हुईल."

"आबा, मी..."

"जा म्हनतो न्हवं."

मी ते वाक्य तेव्हा पुरं केलं नाही. पुढं दोन वर्षांत केलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. तुमची कॉट बाहेर काढली, चार फरशा उचलल्या. खालच्या लोखंडी पाइपला करंगळी जाईल एवढं भोक पडलेलं. पण भीती वाटावी असं वेगळंच होतं. रोज पावणेदोन तास, कित्येक महिने, पाण्यानं खालचा मुरूम धुऊन नेला होता. आत पोकळी. प्लंबरनं त्यात बादली उतरवून दाखवली, आख्खी मावली. तो म्हणाला, "वहिनी, दोन-चार महिन्यांत फरशी खाली बसली असती. म्हातारं माणूस वर झोपलेलं. वाचलात." संजय भिंतीला टेकून बसले. तुम्ही मात्र त्या खड्ड्यात डोकावून बघत होता आणि तुमच्या चेहऱ्यावर, आबा, मी तुम्ही सांगलीत आल्यापासून पहिल्यांदा आनंद बघितला. "बघ," तुम्ही संजयना म्हणालात, "म्या सांगितलं त्याच्यापास्नं फक्त ईतभर डाव्या अंगाला हाय."

फरशा बसल्या नाहीत तोवर तुम्ही माझ्यापुढं उभे.

"आता शोभाकडं जायाचं."

"मी फोन करते तिला."

"वंगाळ बोललीस तोंडावर. आनि माफी फोनवर? मी बी येतो. रिक्षा बोलव."

तिच्या चाळीत पोचल्यावर मीच दार वाजवलं. तिनं दार उघडलं. तिला आमचं आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही, हे मला तेव्हा खटकलं होतं. चटई अंथरली, पाणी दिलं. मी सरळ सांगितलं. "शोभा, पाइप फुटला होता. चूक माझी. तू काही केलं नव्हतंस." ती खाली बघत म्हणाली, "त्ये मला ठावं हुतं, वैनी. पर तुमी चार बायकांच्या देखत बोलला हुता." मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही छताकडं बघत होता. मदतीला येणार नव्हता, हे कळलं.

दुसऱ्या दिवशी भाजीची गाडी आली तेव्हा मी गाडीपाशी त्याच बायका जमेपर्यंत थांबले आणि सगळ्यांपुढं सांगितलं. शोभावर मी खोटा आळ घेतला, गळती माझ्याच घरात होती. कुणी मेथी निवडायचं सोडून माझ्याकडं बघितलं, कुणी "जाऊ दे हो" म्हटलं. पंधरा दिवसांनी शोभा परत आली, तिच्या अटीवर. सकाळी नाही, दुपारी. सकाळची कामं तिनं दुसरीकडं धरली होती.

आणि मग आपली ती दोन वर्षं! गल्लीत तुम्ही 'मीटरवाले आबा' झालात. आधी समोरच्या काकूंनी बोलावलं, मग मागच्या गल्लीतल्यांनी. तुम्ही टोपी घालून, काठी घेऊन, ड्यूटीवर निघाल्यासारखे जायचात. घराघरांत झाकण उचलून बायकांना लाल चांदणी दाखवायचात. संडासाच्या फ्लशची टाकी गळते का ते बघायला त्यात कपड्यांची नीळ टाकायला सांगायचात. "अर्धा तास कुनी वापरू नगासा. भांड्यात निळं उतरलं, तर वायसर गेला." तीन घरांत निळं उतरलं. त्या तिघींनी तुम्हाला पुरणपोळी पाठवली आणि मधुमेह असूनही तुम्ही ती खाल्लीत, माझ्यासमोर, मला न विचारता.

नव्या पाइपवरून मात्र आपण भांडलो ते भांडलोच. तुमचं म्हणणं, पाइप आता भिंतीवरून उघडा न्यायचा. "लाइन कवा बी डोळ्यांफुडं पायजे. गाडली की इसरली." माझं म्हणणं, बैठकीच्या खोलीतून पाइप गेला तर घर घर दिसणार नाही. संजयनी तुमची बाजू घेतली, पाइप भिंतीवरून गेला. मी त्याला भिंतीचा रंग दिला. तुम्ही म्हणालात, रंगाखाली गंज दिसत नाही. मी म्हटलं, प्लास्टिकचा पाइप आहे, आबा, त्याला गंज कुठला? तुम्ही म्हणालात, "आसंल. पर रंग दिऊ नगंस." हे दर दोन महिन्यांनी. अजून माझंच बरोबर आहे असं मला वाटतं, आणि अजून मी तिथं दुसरा हात मारलेला नाही.

पण या सगळ्या हसण्या-भांडण्याच्या तळाशी माझं ते मिरजेचं खोटं होतंच. किती वेळा ओठांवर आलं. तुमचे पाय चेपताना, नखं कापताना. एकदा विचारलंही, "आबा, मी तुम्हाला डॉक्टरांकडं नेलं त्याचा राग आहे का?" तुम्ही म्हणालात, "त्या डाक्टरच्या खोलीत पंखा लय ग्वाड हुता." आणि कूस बदललीत. मी समजले, की राग आहे. विषय काढायची हिंमत गेली. मग त्या सोमवारी दुपारी तुम्हाला दम लागला, दवाखान्यात तीन दिवस, आणि चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही शांतपणे गेलात. संजयचा हात धरलेला होता. मी पायाशी होते. वाटलं, राहिलं ते आता कायमचं राहिलं.

काल दुपारी शोभा भांडी घासत होती. मी उगाच ओट्याशी उभी. ती मान वर न करता म्हणाली, "वैनी, आबांनी मला बोलू नगंस म्हनून सांगितलं हुतं, त्ये हायेत तवर. आता सांगू का?"

मी म्हटलं, "सांग."

"तुमी मला काढल्यावर म्हैन्यानं आबा आमच्यात आले हुते. सांजचं, चालत. मला म्हनले, पोरी, तू न्हाई केलंस त्ये मला ठावं हाय. माझ्या सुनंला अजून ठावं न्हाई. कळंल तवा ती सोता तुझ्या दारात यील. ती आली की दार लावू नगंस."

ते दिवस गोळीचे. तुम्ही सुस्त खुर्चीत बसलेले, आणि मला वाटत होतं तुम्हाला काही कळत नाही.

"आनि मी इचारलं," शोभा पुढं म्हणाली, "आबा, तुमाला म्हनं डाक्टरकडं न्हेलं? तर हसले. म्हनले, डाक्टरनं मला इचारलं, गॅस चालू ठेवता का, रस्ता चुकता का, वरडत उठता का. मला कळलं, ह्ये वैशालीनं सांगितलंय. मी म्हनलं त्येस्नी, व्हय, हुतंय आसं कवा कवा."

"हो म्हणाले?"

"व्हय. मी म्हनलं, आवं आबा, पर खरं न्हवतं ना? तर म्हनले, घरच्या लेकीला परक्या मानसाफुडं खोटी कशी पाडायची? तिच्या बापाचं तसं झालं हुतं. भ्यालीया ती. भ्यालेलं मानूस कायबी बोलतं."

शोभानं नळ बंद केला, हात पुसले आणि मला खुर्चीवर बसवलं. मी किती वेळ रडले, माहीत नाही. पण आबा, तुम्ही गेल्यापासून जी रडत होते, तसलं ते रडणं नव्हतं.

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बसमध्ये उसाच्या ट्रॉल्या बघताना माहीत होतं. कागदातल्या पाच गोळ्या माझ्यापुढं धरताना माहीत होतं. पुरणपोळी खाताना, रंगावरून भांडताना, नखं कापून घेताना, दोन वर्षं रोज माहीत होतं. आणि मी समजत होते, की कळलं तर तुम्ही माझ्या हातचं पाणी पिणार नाही. ज्या गोष्टीची मला भीती होती, ती कधीच घडून गेली होती आणि तुम्ही माझ्या हातचं सगळं खाऊन-पिऊन गेलात.

तुमच्या जाण्याचं दुःख आहे, आबा. तुमची खुर्ची उचलायला मी कुणाला देत नाही. पण कालपासून छातीवरचं काहीतरी उतरलंय, आणि ते उतरल्याचा आनंद तुम्ही नसताना वाटतोय याची लाजही वाटत नाही. तरी एकदा माझ्या तोंडून तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, ते लिहिते. मी खोटं बोलले होते. मला माफ करा.

काल संध्याकाळी संजय आल्यावर त्यांनाही सगळं सांगितलं. डॉक्टरांपासून शोभापर्यंत. ते बूट न काढता दाराशी बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आबांनी तुला कधी एका शब्दानं...?"

"नाही."

ते उठले, बूट काढले, हातपाय धुतले आणि स्वतःच दोन ताटं घेतली.

"मग आता जेव," म्हणाले.

मी जेवले, आबा. दोन भाकरी, वांग्याची भाजी आणि वर ताक. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवले.

तुमची,
वैशाली